कलिंगडाखालची बाई

कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर ती एकटीच बाई होती आणि सगळे तिला मास्तरीण म्हणत. कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी नमुना चिकटवायचा आणि उभ्या पात्याचं यंत्र त्या रेघेवरून ढकलत न्यायचं, हे तिचं काम. सगळ्यात वरच्या थरातली बाही सगळ्यात खालच्या थरातल्या बाहीवर ठेवून बघितली तर दोऱ्याइतकाही फरक दिसत नसे. डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जिभेवर कुणाला तरी झापायचं वाक्य कायम तयार. नवीन कारागीर पहिल्या दिवशी तिला घाबरत, आणि महिन्याभराने जास्त घाबरत.

कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र तिची ओळख वेगळीच होती. भाजी घेताना, बसथांब्यावर, दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना कुणीतरी तिच्याकडे टक लावून बघायचं आणि हळूच विचारायचं, "तुम्ही त्याच ना? कलिंगडाखालच्या?"

"हो," म्हणून ती तोंड फिरवायची.

अठ्ठावीस वर्षं ती कलिंगडाखालची बाई होती. तिच्या वडिलांचा शस्त्रविद्येचा आखाडा होता आणि आखाड्याच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असायचा. रंगमंचावर चटई अंथरली जायची. पांढरे कपडे घालून ती उताणी झोपायची. पोटावर एक भलंमोठं कलिंगड ठेवलं जायचं. मग तिचा थोरला भाऊ डोळ्यांना काळं फडकं बांधून, तलवार फिरवत, तिच्याभोवती तीन फेऱ्या मारायचा आणि एका घावात त्या कलिंगडाची दोन शकलं करायचा. लाल पाणी तिच्या कपड्यांवर उडायचं. बायका किंचाळायच्या, मग टाळ्यांचा कडकडाट. टाळ्या दादाला. ती उठून विंगेत जायची आणि चिकट झालेले कपडे बदलायची.

तिला लढता येतं, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं.

लाठी आणि दांडपट्टा बाबांकडे त्यांच्या वडिलांकडून आला होता. तरुणपणी ते एका मालगोदामात कामाला लागले. तिथे ट्रकांचा ताफा सांभाळणारे एक शीख गृहस्थ होते. सगळे त्यांना सरदारजी म्हणत. दुपारच्या सुट्टीत गोदामामागच्या सिमेंटच्या अंगणात सरदारजी गतका खेळत. उजव्या हातात मुठीला चामड्याचं कवच असलेली काठी, डाव्या हातात वीतभर ढाल. बाबांनी त्यांना लाठी दाखवली, त्यांनी बाबांना गतका शिकवला, आणि दोघांचं असं जमलं की जेवणाचे डबेसुद्धा एकत्र उघडू लागले. बाबांनी आखाडा काढला तो बराच पुढे; दादाला आणि तिला पहिले धडे त्याच्या कितीतरी आधी सरदारजींनीच दिले.

ते खडूने फरशीवर चौकोन काढत. चार कोपरे आणि मध्ये फुली. वर्षभर काठीला हात लावू दिला नाही, नुसते पाय. या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर, अंग तिरकं ठेवून. फुलीवर थांबायचं नाही, कारण समोरच्याचा घाव फुलीवरच येणार.

"हाताकडे काय बघतेस?" ते ओरडत. "हात खोटं बोलतो. खांद्याकडे बघ. आणि डोकं फोडायला धावू नकोस. मनगट! मनगट गेलं की शस्त्र पडलं, शस्त्र पडलं की भांडण संपलं. तो जिवंत घरी, तूही जिवंत घरी."

ढाल लपायला नसते, समोरच्याच्या अंगावर ढकलायला असते, हेही तिने त्यांच्याकडूनच ऐकलं. काठी गरगर फिरवायची ती चौघांनी घेरल्यावर, त्यांना काठीच्या लांबीइतकं दूर ठेवायला. समोर एकच माणूस असताना फिरवत बसलं तर तो दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीतून सरळ आत शिरतो. आणि शस्त्र उचलायचं ते सगळ्यात शेवटी. बोलून झालं, समजावून झालं, बाजूला सरून झालं, तरी कुणी दुबळ्याच्या अंगावर येतोय असं दिसलं तर. पण उचललं की अर्धवट नाही.

दादा चौकोनाला कंटाळायचा. तिला त्यात गोडी लागली. चौदाव्या वर्षी दहा डावांपैकी सात डावांत तिची काठी दादाच्या मनगटावर बसायची. बाबा नुसते बघायचे.

ती एकोणीस वर्षांची असताना पहिला मोठा कार्यक्रम ठरला. बाबांनी कामं वाटली. दादाला तलवार आणि पट्टा. तिला चटई.

"तू खाली झोपायचंस," बाबा म्हणाले. "बाई खाली असली की लोक श्वास रोखून बघतात."

"मग दादाला झोपवा आणि तलवार माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "लोक जास्तच रोखतील."

बाबा खो खो हसले. तिच्या पाठीवर थाप मारली. ती चटईवर झोपली.

पुढच्याच वर्षी सरदारजी कार्यक्रमाला आले. पहिल्या रांगेत, हातातल्या छत्रीवर हनुवटी टेकून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते विंगेत आले. दादा पाया पडायला वाकला, त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"पोरगी का झोपली होती?" त्यांनी बाबांना विचारलं.

"लोकांना आवडतं," बाबा म्हणाले.

"मी तिला उभं राहायला शिकवलं होतं."

एवढंच बोलून ते निघून गेले, आणि त्यानंतर आखाड्यात कधी आले नाहीत. तिला त्यांच्यामागे धावायचं होतं. कलिंगडाचं पाणी अंगाला चिकटलेलं, केसांत बिया, आणि बाबांची नजर. ती जागची हलली नाही. बाबांचा राग तिला पुढे अनेकदा आला, दादाचा तर रोजच. पण त्या संध्याकाळी न धावलेल्या स्वतःच्या पायांचा जो राग आला, तो कधी उतरलाच नाही.

कलिंगडाच्या खेळात लोकांना वाटतं की सगळी करामत डोळ्यांवरच्या फडक्यात आहे. ते फडकं विरळ असतं. त्यातून कलिंगडाचा आकार चांगला दिसतो. कलिंगड कापणंही अवघड नाही, स्वयंपाकघरात कुणीही कापतं. अवघड आहे ते तलवार थांबवणं. साल, गर, खालची साल, आणि तिथे पातं जागच्या जागी गोठलं पाहिजे. पहिली काही वर्षं दादाला ते जमायचं. मग कार्यक्रम वाढले, धूर आला, रंगीत दिवे आले, काठ्यांना आग लावून फिरवणं आलं, छातीवर ट्यूबलाइट फोडणं आलं. सराव गेला. उजवा खांदा दुखायला लागला, तो दुखतो हे मान्य करणं दादाच्या रक्तात नव्हतं.

मग थांबवण्याचं काम खालून सुरू झालं. चटईवर पडल्यापडल्या तिला फळ्यांवरून त्याचे पाय कळायचे. त्याचा श्वास कळायचा. खांदा वर गेला की सांध्यात एक बारीक कटकन आवाज व्हायचा, तो तिला ढोलाच्या गलक्यातही ऐकू यायचा. त्या क्षणी ती सगळा श्वास सोडून पोट पाठीच्या कण्याला चिकटवायची. कलिंगड तेवढं खाली बसायचं. कातडी आणि पातं यांच्यात दोन बोटांची जागा तयार व्हायची. ती जागा ती करायची. वर्षानुवर्षं. घरात कुणी कधी विचारलं नाही, आणि तिने कधी सांगितलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका शाळेच्या सभागृहात दोन बोटं पुरली नाहीत.

आधी गार लागलं. मग चटका. कलिंगडाचं लाल पाणी नेहमीसारखं उडालं होतं, आणि त्याच्यात आणखी काहीतरी लाल हळूहळू मिसळत होतं; ते समोरच्या चारशे लोकांपैकी एकालाही कळलं नाही. शकलं उचलायच्या निमित्ताने बाबा वाकले. त्यांनी बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तरीही ते कुजबुजले, "उठू नकोस. टाळ्या होऊ दे."

ती पडून राहिली. छताला सतरा दिवे होते. तिने ते मोजले, मग उलटे मोजले. कुणीतरी शिट्टी मारली.

विंगेत वहिनीने स्वतःची ओढणी घट्ट बांधली. दवाखान्यात अकरा टाके पडले. डॉक्टरला काय सांगायचं ते बाबांनी गाडीतच ठरवलं होतं: कारखान्यात कटिंगचं मशीन लागलं. डॉक्टर तरुण होता, त्याने तिला दहा मिनिटं सुनावलं. हातमोजे घालत जा, लक्ष ठेवत जा, तुमच्यासारख्या निष्काळजी माणसांमुळेच अपघात होतात. ऐंशी थरांत दोऱ्याची चूक न करणारी ती बाई दात आवळून ऐकत राहिली. बाहेर व्हरांड्यात दादा उभा होता. तिला येताना बघून तो पुढे आला. तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

तो म्हणाला, "तू हललीस."

घरात मग तेच पक्कं झालं. ती हलली. दोन महिन्यांनी पुन्हा कार्यक्रम आला, बाबा आखाड्यातल्या एका लुकड्या मुलीला चटईवर झोपवायचं म्हणत होते. त्या मुलीला दादाच्या खांद्याचा आवाज कुठून कळणार? मास्तरीण स्वतःच गेली आणि झोपली. पाच वर्षांनी बाबा वारले. शेवटचे आठ दिवस ती त्यांच्या उशाशी बसून होती. ते पुष्कळ बोलले, गोदामाबद्दल, सरदारजींबद्दल, आखाड्याच्या छताबद्दल. अकरा टाक्यांबद्दल चकार शब्द नाही.

लग्न तिचं झालं नाही. एकाने नकार कळवताना म्हटलं होतं, तलवारीखाली न दचकणारी बायको आम्हाला झेपायची नाही. यावर ती अजूनही हसते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या आहेत. दादाची मुलगी तिथे रोजच पडीक असायची. लहानपणी अंगाने चिमुकली होती म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. आता सोळा वर्षांची, आत्यापेक्षा उंच.

तर ही मुंगी एका शनिवारी जिना धडाधडा चढून वर आली.

"आत्या! बाबांनी मला तुझी जागा दिली!"

"कसली जागा?"

"कलिंगडाची! आखाड्याला तीस वर्षं झाली ना, मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. मी झोपणार. बाबा म्हणाले, तू आता निवृत्त."

मास्तरीण कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला कपडा तसाच राहिला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. ती खरोखरच पायांतून वर आली, गुडघ्यांतून, पोटातून, त्या व्रणावरून. तिने पायांत चपला सरकवल्या आणि मुंगीला म्हणाली, "चल."

दादा स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसला होता. वहिनी भांडी घासत होती.

"मुंगीला झोपवणार आहेस?"

"आधी बस तरी. अगं, हिला चहा—"

"चहा गेला खड्ड्यात. मुंगीला झोपवणार आहेस का?"

दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तुझं वय झालं. पोट सुटलंय. कलिंगड घरंगळून पहिल्या रांगेत जाईल." तो स्वतःच्या विनोदावर हसला.

"दोन बोटांची जागा कोण करत होतं इतकी वर्षं?"

"कसली जागा?"

"कातडी आणि पातं यांच्यातली! तू कापत होतास, दादा. वाचवत मी होते. तुझा खांदा कामातून गेलाय, मला खालून ऐकू येतो तो. या पोरीला काय ऐकू येणार?"

"तीस वर्षांत एकदा चूक झाली. तीही तू हललीस म्हणून."

वहिनीने नळ बंद केला. पाठमोरीच उभी राहिली.

"लोक त्यासाठी येतात," दादाचा आवाज चढला. "तुझ्या त्या खडूच्या चौकोनाला कोण टाळ्या वाजवतं? सरदारजींची विद्या, सरदारजींची विद्या! आज कोण कुणाशी तलवारीने लढतंय? बाबांना कळलं होतं काय चालतं ते."

"उद्या सकाळी आखाड्यात ये," मास्तरीण म्हणाली. "काठी आणि ढाल. सगळ्या मुलांसमोर. तुझी काठी मला एकदा जरी लागली, तरी मी स्वतः मुंगीसाठी चटई अंथरते. नाही लागली, तर पोरीला हात लावायचा नाही."

"वेड लागलंय का तुला? बहिणीवर काठी उचलू?"

"तलवार उचलत होतास की!"

दारात मुंगी उभी होती. दादाने तिच्याकडे बघितलं, मग बायकोच्या पाठीकडे. मुलीसमोर मागे सरणं त्याला जमलं नाही. "पाच मिनिटांत आटपतो तुझं," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र पुन्हा उचललं, उलटं.

रविवारी सकाळी आखाड्यात वीस-बावीस मुलंमुली होती, काहींचे आईबाप चपलांच्या फळीजवळ उभे. वहिनीही येऊन तिथेच एका स्टुलावर बसली. मास्तरीण कारखान्याचा जुना शर्ट घालून आली होती. गेल्या दहा वर्षांत कुणी तिच्या हातात काठी बघितली नव्हती. पण रोज पहाटे ती आपल्या खोलीत, पलंग भिंतीला सरकवून, चार कोपऱ्यांवर पाय टाकत होती, हे सायकलवाल्यालाच फक्त ठाऊक होतं. त्याने एकदा तक्रारही केली होती, छतातून माती पडते म्हणून.

दोघांनी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. दादाने काठी बोटांतून फिरवली, डोक्यावरून, पाठीमागून, पायांखालून. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती तिरकी उभी राहिली, ढाल छातीपुढे, काठीचं टोक खाली. तिने त्याच्या हाताकडे बघितलंच नाही. इतकी वर्षं कानांनी ओळखलेला तो खांदा ती पहिल्यांदा नीट डोळ्यांनी बघत होती. घाव घालायच्या आधी तो किंचित खाली पडत होता, दुखऱ्या माणसाचा पडतो तसा.

पडला. ती डाव्या कोपऱ्यावर सरकली. दादाची काठी हवेत गेली आणि तिची काठी त्याच्या मनगटावर, चामड्याच्या कवचाच्या वर, टक्कन बसली.

"लागलं नाही," दादा म्हणाला.

"बरं."

पुन्हा खांदा पडला. पुन्हा टक्क. या वेळी कुणीतरी मुलांमधून "अरे!" म्हणालं. तिसऱ्या वेळी आवाज मोठा झाला आणि दादाची काठी फरशीवर घरंगळत गेली. ती थांबली. त्याला काठी उचलू दिली. आता त्याचं डोकं फिरलं होतं. त्याने काठी डोक्यावर गरगरा फिरवायला सुरुवात केली, रंगमंचावर फिरवायचा तशी, आणि तसाच तिच्यावर चालून आला. तिने दोन फेऱ्या जाऊ दिल्या. तिसऱ्या फेरीच्या फटीत ती आत शिरली, ढाल त्याच्या छातीवर ढकलली, तो मागे तोल जाऊन भिंतीला टेकला, आणि तिच्या काठीचं टोक त्याच्या गळ्यापाशी येऊन थांबलं. एक बोटभर अलीकडे.



"याला थांबवणं म्हणतात," ती म्हणाली.

ते थांबणं तिला अजिबात आवडलं नव्हतं. तिचा हात शहाणा होता म्हणून थांबला, तिचं मन ते टोक आणखी पुढे ढकलत होतं. व्हरांड्यातलं ते "तू हललीस" तिला स्पष्ट ऐकू येत होतं. तिने काठी खाली घेतली.

"आत्या," मुंगी पुढे आली. "काल बाबा म्हणाले, एकदा चूक झाली. कसली चूक?"

दादा मनगट चोळत होता. "काही नाही गं. हिला कारखान्यात मशीन लागलं होतं एकदा. त्याचं खापर माझ्यावर फोडते."

मास्तरणीने काठी पुन्हा घट्ट धरली. इतका राग तोंडातून बाहेर यायला जागा नव्हती. आणि तेवढ्यात चपलांच्या फळीजवळून वहिनीचा आवाज आला.

"मशीन नव्हतं. तलवार होती. अकरा टाके पडले. मी बांधलं होतं माझ्या ओढणीने." ती स्टुलावरून उठली. "आणि ती हलली नव्हती. मी पडद्याआडून बघत होते. केसभर हलली नव्हती ती."

दादा म्हणाला, "मला बाबांनी सांगितलं होतं, बाहेर बोलायचं नाही." आवाज अगदी लहान मुलासारखा निघाला त्याचा.

कुणालाही वाटलं असतं की मास्तरीण आता वहिनीच्या गळ्यात पडेल. ती वळली आणि वहिनीवरच बरसली.

"नऊ वर्षं, वहिनी? नऊ वर्षं हे तोंडात धरून बसलात? माझ्या घरी येऊन जेवलात, माझ्या पायांना तेल लावलंत, बाबांच्या आजारपणात रात्री माझ्या शेजारी झोपलात, आणि एवढं एक वाक्य जड झालं तुम्हाला?"

"घाबरले होते, ताई."

"मी घाबरले नव्हते का? मी तर खाली होते!"

मग तिने मुंगीचा हात धरला, तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं, शर्ट वर केला आणि व्रण दाखवला. चार बोटं लांब, एका टोकाला जाड. मुंगी बघत राहिली. रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आजोबांना माहीत होतं?"

"टाळ्या होऊ दे म्हणाले होते."

तीस वर्षांचा कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. दादाने शब्द पाळला, पण कलिंगड सोडलं नाही. चटईवर कुणी झोपलं नाही, एका लाकडी स्टुलावर कलिंगड ठेवलं गेलं. मास्तरीण गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुंगी कारखान्याच्या फाटकावर येऊन थांबली. चेहरा उतरलेला, उजव्या हाताचं बोट मुठीत धरलेलं.

"आत्या, सगळे गेल्यावर मी स्टूल बघितलं," ती म्हणाली. "लाकडात खाच पडलीय. मी बोट घालून बघितलं. पहिलं पेर पूर्ण आत गेलं."

मास्तरीण तिथेच फाटकाच्या पायरीवर बसली. आपलं खरं ठरल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही तिला. तिला डोळ्यांपुढे ते स्टूल दिसत होतं आणि त्यावर मुंगीचं सपाट, सोळा वर्षांचं पोट. तिने हातातला जाळीचा हातमोजा काढून इतक्या जोरात भिंतीवर फेकला की पहारेकरी केबिनमधून बाहेर आला.

"काय झालं, मास्तरीणबाई?"

"काही नाही. आत जा तुम्ही."

दादाने त्यानंतर कलिंगड बंद केलं. लोकांना सांगितलं, खांद्यासाठी डॉक्टरांनी मना केलंय. बहिणीचं नाव नाही, व्रणाचं नाव नाही. हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती पुन्हा भडकली आणि तडक त्याच्या घरी गेली. बोलायचं होतं ते तोंडावर बोलून आली: "तुझा खांदा नाही दादा, माझं पोट. लोकांना खरं सांगायची हिंमत होईल तेव्हा मला बोलव." त्याने अजून बोलावलेलं नाही. वहिनी मात्र येते, दर आठवड्याला. मास्तरीण दार उघडते, चहा करते, आणि अर्धा वेळ तिच्याशी बोलत नाही. वहिनी तरीही येते.

आखाडा बाबांनी दोघांच्या नावे ठेवला होता, ही गोष्ट आजवर कुणी लक्षात घेतली नव्हती. आता रविवारी सकाळी अर्धं अंगण तिचं असतं. पलीकडे दादा मुलांना काठ्या फिरवायला शिकवतो, अलीकडे ती. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. तिच्याकडे पहिल्या महिन्यात चौघी होत्या: मुंगी, कारखान्याच्या शिलाई विभागातल्या दोघी, आणि दवाखान्यात आयाचं काम करणारी एक, जिला वॉर्डात रुग्णांचे नातेवाईक दोनदा धक्काबुक्की करून गेले होते. आता अकरा जणी आहेत. काठी अजून कुणालाच मिळालेली नाही. नुसता खडूचा चौकोन.

ती वाईट शिकवते असं कुणी म्हणणार नाही, पण गोड शिकवते असंही कुणी म्हणणार नाही. आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. मागच्या रविवारी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. चपला काढता काढता त्यांनी हसत विचारलं, "ते कलिंगडाचं किती महिन्यांनी शिकवता?"

अंगणातल्या अकराही जणी थांबल्या. पलीकडे दादाची काठीसुद्धा थांबली.

"फुलीवर उभ्या राहू नका!" मास्तरीण बायकांवर ओरडली, आणि मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाली, "पोरीला इथे ठेवा आणि तुम्ही बाहेर बसा. नाहीतर दोघंही घरी जा."

गृहस्थ बाहेर जाऊन बसले.